दोन बोटांची फट

नाना कोणत्याही खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी दाबून बघत. आधी पाठ, मग बैठक, मग खाली वाकून चारही पाय. एवढं झाल्यावर ते बसत, तेसुद्धा निम्मेच, पुढच्या कडेवर. पंखा चालू असेल तर त्याच्या बरोबर खाली कधीच नाही. कारखान्यात नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हसायचा. आठवड्याभरात तोही बसताना आपल्या खुर्चीकडे एकदा बघायला लागायचा.

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत होता. शेतातून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटलेल्या चटया, तेलाचे डबे असा सगळा भंगार माल गाडीने यायचा. तो धुवायचा, कापायचा, वितळवायचा आणि त्याच्या फळ्या ओतायच्या. लाकडासारख्याच फळ्या, तपकिरी रंगाच्या, वर रेषाही उमटवलेल्या. त्यांची बाकं व्हायची, कुंपणं व्हायची, आणि हल्ली हल्ली मोठ्या बंगल्यांना बाहेर काढलेल्या मोकळ्या माच्या व्हायच्या. त्याला सगळे डेक म्हणत. वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही, रंग द्यायला नको, असं आमचे शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मी तिथे डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. घर जामनेरला, जळगावात एका मैत्रिणीबरोबर खोली घेतलेली. माझं काम नकाशे काढायचं, किती फळ्या, किती अंतरावर काय, हे ठरवायचं. नानांचं काम माल तपासायचं. ते मूळचे पारोळ्याकडच्या एका खेड्यातले, जातीने नव्हे पण धंद्याने सुतार. लाकडाचं काम कमी झालं म्हणून उतारवयात प्लॅस्टिकवर आले होते.

कारखान्याच्या मागच्या अंगणात त्यांनी आपला संसार मांडला होता. विटांच्या दोन ढिगांवर एक फळी आडवी, फळीवर वाळूची पोती. अशा पाच-सहा फळ्या कायम असायच्या. रोज सकाळी आल्या आल्या ते दोरा लावून फळी किती वाकली ते मोजत आणि भिंतीवर खडूने लिहीत. मोजमाप सुतांमध्ये. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जुन्या सुतारांचं माप. मी मिलिमीटर सांगितले की ते मान हलवत आणि मनात हिशेब करून सुतातच लिहीत. फळीवर हात ठेवायची त्यांची एक रीत होती. घरात कुणी आजारी असलं की आपण कपाळावर हात ठेवतो तसा.

"लाकूड मरताना बोलतं," एकदा ते मला म्हणाले. "आधी कुरकुरतं, मग तडकतं, माणसाला पळायला वेळ देतं. हे बोलत नाही. हे नुसतं वाकतं, वाकतं, आणि मग नसतं."

मी हसले होते. ते हसले नाहीत.

ते का घाबरतात याच्या कारखान्यात चार-पाच गोष्टी फिरत होत्या. कुणी म्हणायचं, त्यांनी बांधलेला लग्नाचा मांडव पडला होता. कुणी म्हणायचं, त्यांचा भाऊ माडीवरून खाली आला होता. मशीनवरच्या एका बाईने तर त्यांना तोंडावरच विचारलं. नाना जेवत होते. डबा बाजूला ठेवून म्हणाले, "काहीच झालेलं नाही. माले भेव वाटस, त्यासाठी काही घडायलाच पाहिजे का?" ते शहरातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करत, पण भीतीचा विषय निघाला की अहिराणीवर येत.

त्यांच्या या स्वभावाचा शेठना फार जाच व्हायचा. जामनेरच्या एका शाळेला तिच्या कार्यक्रमाआधी बाकं द्यायची होती. नानांनी प्रत्येक बाकावर आमच्यातल्या सहा-सहा जणांना बसवलं, उड्या मारायला लावल्या, आणि एवढं करूनही बाकं सोडली नाहीत. पोती ठेवली. महिनाभर. शाळेचा कार्यक्रम बाकांशिवाय झाला. शेठ चिडून अंगणात आले तर नाना भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मुलं बसणार आहेत त्याच्यावर." शेठ परत गेले. ती बाकं आजही शाळेत आहेत, आणि त्यांना काही झालेलं नाही. नाना खोटे पडले नाहीत आणि खरेही ठरले नाहीत. त्यांच्या बाबतीत नेहमी असंच व्हायचं. काही घडलं नाही की लोक म्हणत, उगीच घाबरत होता.

धुळ्याचं काम आलं ते हिवाळ्यात. देवपुरातल्या एका डॉक्टरांना बंगल्याच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, गाड्या लावायच्या जागेच्या वर डेक हवा होता. घरातल्या जुन्या लाकडाला वाळवी लागून सगळं काढून टाकावं लागलं होतं, त्यामुळे लाकडाचं नावसुद्धा नको होतं. खाली लोखंडी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या. प्रश्न तुळयांचा होता. त्यांच्या आर्किटेक्टला तुळयासुद्धा प्लॅस्टिकच्याच हव्या होत्या, म्हणजे सगळं काम भंगारातून केलं असं सांगता येईल. शेठनाही ते आवडलं.

नाना म्हणाले, "फळी ठीक आहे. तुळई लोखंडाची घाला. नाहीतर मध्ये आणखी खांब द्या. सहा फूट हे आधाराशिवाय पेलणार नाही."

मी तुळई तपासली होती. वजन ठेवलं, मोजलं, आकडे कागदावर मांडले. सगळं बसत होतं. नानांना कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"कधी तपासलं?"

"या आठवड्यात."

"जानेवारीत." ते बाहेर उन्हाकडे बघत होते, आणि त्या सकाळी आम्ही सगळे स्वेटर घालून होतो. "मे महिन्यात तपास, ताई. दुपारी तपास."

तपासणीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. दोन दिवस तो कागद शेठच्या टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावलं, म्हणाले, "आकडे तुझेच आहेत ना? मग तुला विश्वास नाही का?" मला विश्वास होता. शिवाय नवीन नोकरी होती आणि शेठनी मला बसायला सांगून चहा मागवला होता. मी सही केली.

फेब्रुवारीत डेक उभा राहिला. फार सुंदर झाला होता. कडेला रेलिंग, वर हिरवी जाळी, मधोमध लोखंडी चौकटीत बसवलेला झोपाळा. डॉक्टरांच्या आई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, त्यांनी चपला काढून फळ्यांवर चालून बघितलं आणि म्हणाल्या, "लाकूडच वाटस."

मे महिन्यात डॉक्टरांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, त्याच डेकवर. शेठना आमंत्रण आलं, त्यांनी मलाही यायला सांगितलं. फोटो चांगले येतील, आपल्याला दाखवायला होतील, असं त्यांचं म्हणणं. मी ही गोष्ट जेवताना सहज बोलले. नाना समोर बसले होते.

"किती बायका?" त्यांनी विचारलं.

"चाळीस-पन्नास तरी असतील."

त्यांनी पुढचा घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते कामावर आलेच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रजा घेतली, असं मला नंतर कळलं.

शेठ त्यांच्या गाडीने सकाळीच गेले. मी जळगावहून एसटी पकडली. एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोचेपर्यंत खिडकीतून येणारा वारा तोंडावर तव्यासारखा लागत होता. रिक्षा करून बंगल्यावर गेले तेव्हा पाच वाजत आले होते. पुढच्या हॉलमध्ये पुरुषमंडळी बसली होती, शेठही त्यांच्यात होते. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी बंगल्याला वळसा घालून मागे गेले, कारण जिना तिकडे होता.

गाड्या बाहेर काढून डेकखालची जागा मोकळी केलेली होती. तिथे एका पालथ्या बादलीवर नाना बसले होते.

मला आधी ते ओळखूच आले नाहीत. डोक्यावरची टोपी मांडीवर होती, केस घामाने चिकटलेले. दोन खांबांना त्यांनी एक पांढरा दोरा बांधला होता, ताणून, मधल्या तुळईच्या बरोबर खाली. त्यांची नजर त्या दोऱ्यावर होती आणि ती त्यांनी माझ्याकडे वळवली नाही.

"कधी आलात?"

"सकाळी. वॉचमनला सांगितलं, कारखान्यातून आलोय." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "बांधला तेव्हा तुळई आणि दोरा यांच्यात दोन बोटांची फट होती. वर कोणी नव्हतं. आता बघ."

मी जवळ जाऊन बघितलं. एक बोट जेमतेम गेलं असतं.

डोक्यावर चाळीस बायका चालत होत्या. फळ्यांच्या फटींतून साड्यांचे काठ सरकताना दिसत होते, हळदीकुंकवाचे कण खाली पडत होते. बांगड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी गाणं म्हणत होतं. तुळईचा मात्र काही आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. दिवसभराच्या उन्हाने ती इतकी तापली होती की तिच्याखाली उभं राहिलं तरी कपाळाला धग लागत होती.

"नाना, तुम्ही इथून बाहेर या," मी म्हणाले.

"दोरा खालूनच दिसतो."

पंख्याखाली न बसणारा माणूस तिथे बसून होता. त्यांनी आपले गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. मला आजही ते हात आठवतात.

तेवढ्यात वरून कुणीतरी मोठ्याने सांगितलं, "सगळ्या झोपाळ्याजवळ या, फोटो काढू." पावलांचा आवाज एकदम मधोमध गोळा व्हायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर तुळई खाली आली. जोरात नाही, घड्याळाचा काटा सरकतो तशी. ती दोऱ्याला टेकली. मग तिने दोरा खाली दाबला.

"जा," नाना म्हणाले. "तू बाई आहेस, तुला वर जाता येईल. पळवू नको कोणाला. पळाल्या तर जातंच. आधी पोरीला उठव. मग मधल्या. एक एक."

जिन्याच्या बारा पायऱ्या मी कशा चढले ते सांगता येत नाही. शेवटच्या पायरीवर मी थांबले. पुढचं पाऊल डेकवर होतं आणि मी नकाशा काढलेला होता, मला माहीत होतं की पाय कुठे पडेल आणि त्याच्या खाली काय आहे. माझं वजन त्यात आणखी घालायचं धैर्य होईना. मी पाय टाकला तो हिमतीने नाही. मागून एक बाई ताट घेऊन येत होती आणि तिने मला पुढे व्हायला सांगितलं, म्हणून.

झोपाळ्यावर ती मुलगी बसली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सातवा महिना. ती घामाने भिजली होती आणि हसत होती. तिच्याभोवती बायकांनी दाटी केली होती. अक्का झोपाळ्याची साखळी धरून उभ्या होत्या. मी वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले. काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, काहीतरी निमित्त, पण ते ऐनवेळी आठवेना. अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"काय व्हयनं, पोरी?"

"अक्का, हे खाली वाकतंय," मी त्यांच्या कानाजवळ म्हणाले. "सगळ्यांना आत घ्या. पळू देऊ नका. हिला आधी."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्या शांतपणे नातसुनेच्या दंडाला धरून म्हणाल्या, "ऊठ बेटा. तुले ऊन लागी राह्यनं. घरमा चाल." मग बायकांकडे वळून, "ओटी देवघरापुढे भरू. जागा कमी शे, एक एक या. दाटी करू नका."

फोटो राहिला म्हणून दोघी-तिघी कुरकुरल्या. एकीने मोबाइल वर धरून आणखी एक काढू म्हटलं आणि पाच-सहा जणी परत मध्ये आल्या. मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं, नको इतक्या जोराने. एक बाई माझ्यावर रागावली. मुलगी दारातून आत गेली. मग म्हाताऱ्या बायका, मग बाकीच्या. अक्का सगळ्यांत शेवटी गेल्या, जाताना पाटावरची आरती उचलून घेऊन. डेक रिकामा झाला तेव्हा मी भिंतीला पाठ लावून दारात बसले. काहीच पडलं नव्हतं. एक फळीसुद्धा हलली नव्हती.

आत ओटी भरली, जेवणं सुरू झाली, आणि मग कुठे पुरुषांपर्यंत बातमी गेली. डॉक्टर, त्यांचा मुलगा, शेठ असे सगळे मागे आले. तोवर तासभर झाला होता. ऊन उतरलं होतं, वर वजन नव्हतं. नाना बादलीवरून उठून उभे राहिले. शेठ वाकून दोऱ्याकडे बघू लागले.

दोरा आणि तुळई यांच्यात दीड बोटाची फट होती.

"कुठे टेकलीय?" शेठ म्हणाले. "दोरा सैल पडला असेल."

"टेकली होती," नाना म्हणाले. "दोरा दाबला होता तिने. आता थंड झाली."

डॉक्टर स्वतः वर गेले आणि मध्यभागी जाऊन दोनदा पाय आपटून आले. त्यांच्या घरचं मंगलकार्य होतं आणि पाहुण्यांसमोर हा प्रकार झाला होता. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "हे तपासलं कोणी होतं?"

शेठ म्हणाले, "तपासणी यांच्याकडेच असते." त्यांनी नानांकडे हात केला.

मी तिथेच होते. नानांपासून दोन हातांवर. कागदावरची सही माझी होती आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नाना माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"हो, तपासणीचं काम माझंच," ते म्हणाले. "मी घाबरट माणूस आहे, डॉक्टरसाहेब. चूक झाली असेल." त्यांनी दोरा सोडला, बोटांवर गुंडाळला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. अंगणातल्या फळ्या तशाच राहिल्या.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत. डोहाळजेवणाचे फोटो मी त्या मुलीला पाठवले होते, त्यामुळे तिचा नंबर माझ्याकडे होता आणि ती मोबाइलवर रोज जे टाकायची ते मला दिसायचं. रोज संध्याकाळी ती डेकवर झोपाळ्यात बसून चहाच्या कपाचा नाहीतर स्वतःच्या मेंदीच्या पायांचा फोटो टाकायची. घरात उकडायचं, तिथे वारा असायचा. एकदा तिच्या शेजारी अक्का होत्या, एकदा चार-पाच मैत्रिणी. मी साडेसहापासून मोबाइल हातात घेऊन बसायचे. फोटो आला की माझा श्वास सुटायचा. मग दुसऱ्या दिवसाची धास्ती सुरू व्हायची. तिला एक शब्द लिहिला असता तर हे संपलं असतं. पण लिहिलं असतं तर माझी सही बाहेर आली असती.

धुळ्याहून आल्यावर लगेच मी नानांच्या अंगणात त्याच मालातल्या तीन तुळया मांडल्या. सहा फूट मोकळ्या, वर पोती. उन्हात, दुपारी, त्यांनी सांगितलं होतं तसं. रोज मोजत होते. तिन्ही वाकत होत्या, पण तुटत नव्हत्या. मला मनातून वाटायचं की तुटू नयेत. नवव्या दिवशी आम्ही सगळे शेडमध्ये जेवत होतो, अंगण तिथून पंधरा पावलांवर. जेवून मी गेले तर मधली तुळई दोन तुकडे होऊन पडली होती, पोती जमिनीवर. कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं. तुटलेल्या तोंडावर आत अंगठा जाईल एवढी पोकळी होती. ओला माल वितळवला की वाफेची अशी पोकळी राहते. बाहेरून ती दिसत नाही.

बाकीच्या दोन मात्र टिकल्या. पुढे महिनाभर ठेवल्या तरी टिकल्या. त्या दिवशी धुळ्याला आमच्या डोक्यावरची तुळई पोकळ होती की भरीव, हे मला कधीच कळणार नाही.

मी शेठना तुकडे दाखवले. त्यांनी पोकळीत बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "तीनातली एक. हा माल वेगळा असेल." आणि जरा थांबून, "कोणाला बोलू नको, मी बघतो." आणखी दोन दिवस गेले. त्यांनी काही बघितलं नाही, मी काही बोलले नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी फोटो आला नाही.

सात वाजले. सव्वासात. मी तिला फोन केला, तो बंद होता. पुन्हा केला. मग मैत्रिणीने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तीच नंबर लावत राहिली. शेवटी डॉक्टरांच्या घरचा नंबर लागला. अक्कांनी उचलला. त्यांनी "कोण?" म्हणायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. तुळई तुटली, आत पोकळी होती, नाना खरं सांगत होते, सही माझी होती, माझी होती. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "ती कशी आहे?"

अक्कांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ती दुपारी चाळीसगावले गई, माहेरले. फोन बंद पडना व्हई." आणि मग, "बरं करं, सांगं ते."

मी बरं वगैरे काही केलं नव्हतं. मी खरं बोलले ते ती मेली असं वाटलं म्हणून.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डेकला कुलूप घातलं. आठवड्याच्या आत सगळ्या तुळया लोखंडाच्या झाल्या. वरच्या फळ्या त्याच आहेत आणि चांगल्या आहेत. त्या मुलीला पुढे मुलगी झाली. शेठनी मला काढलं नाही. नानांना मात्र त्यांनी निरोप पाठवला, परत या म्हणून. ते आले नाहीत. त्यांच्या कामाची जागा मग माझ्याकडेच आली आणि अजून आहे.

तुळया बदलल्या त्याच महिन्यात एका रविवारी मी नानांच्या गावी गेले. पारोळ्याहून पुढे दुसरी बस, मग थोडं चालणं. ते ओसरीवर बसून एका जुन्या नांगराचा दांडा तासत होते. मला बघून त्यांनी घरात पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. तुळई, पोकळी, लोखंड किती अंतरावर बसवलं ते, अक्कांना मी सहीचं सांगितलं तेही. ते तासत तासत ऐकत होते.

"सही तुझी आहे ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "कागद शेठच्या टेबलावर बघितला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू उभी होतीस ना तिथे."

मी खाली बघितलं. दांडा फिरवून घेत त्यांनी विचारलं, "किती दिवस लागले तुला?"

"अकरा."

"आणि ती पोर? रोज बसायची तिथे?"

"रोज."

त्यांचा हात थांबला. त्यांनी तासणी खाली ठेवली. ते आता मला काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते आणि त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. आतून त्यांच्या बायकोने जेवायला विचारलं. त्यांनी ऐकलं नाही.

"मी दोनदा गेलतो धुळ्याला," ते म्हणाले. "घरी बसवेना म्हणून. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. तिथून डेक दिसतो. पहिल्यांदा गेलो तर ती झोपाळ्यावर होती. पाय हलवत होती. मी म्हटलं, जावं, दार वाजवावं. मग वाटलं, ते म्हणतील हा पुन्हा आला. परत फिरलो."

"आणि दुसऱ्यांदा?"

त्यांनी तासलेल्या दांड्यावर हात ठेवला होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दुसऱ्यांदाही होती. चांगली हसत होती. मी खूप वेळ बघत उभा राहिलो. काही होत नव्हतं, पोरी. मग माले वाटनं, मीच खोटा असेन. आणि तुला सांगतो, मला इतकं बरं वाटलं, की मी तिथल्या टपरीवर बसून चहा प्यायलो आणि घरी येऊन झोपलो."